रेडिमेड कोटात माया किती असते?

सांगलीच्या एका नवरदेवाने विचारलंय: रिसेप्शनसाठी सेलमध्ये ४२ नंबरचा सूट घेतला. दुकानात ४० नंबर घालून पाहिला तेव्हा हात पुढे केले की पाठीत ताण येत होता, म्हणून एक नंबर मोठा घेतला. घरी टेपने मोजलं तर छाती ३८ भरली. आता खांदे बाहेर उतरतात, बाही दीड इंच लांब आहे, पोटावर कोट ढगळ आहे, उंचीही जास्त वाटते. सेलचा माल परत घेत नाहीत. गल्लीतला टेलर म्हणतो, ‘सगळं करून देतो, काळजी सोडा.’ लग्नाला पाच आठवडे आहेत. खरंच सगळं होतं का?

एकेक करून विचाराल तर बहुतेक सगळं होतं. एकाच कोटावर सगळं एकदम मागाल तर नाही होत. तुमच्या टेलरला मी खोटारडा म्हणणार नाही. लगीनसराईत आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणं जिवावर येतं, माझ्याही यायचं. पण गेली ३४ वर्षं पुण्यात कोट कापतोय आणि त्यातला बराच वेळ दुसऱ्यांनी कापलेले कोट उसवण्यात गेलाय. त्यामुळे कुठे हात घालायचा आणि कुठून हात जोडून परत फिरायचं, हे आता कळतं.

आधी नंबरचा घोळ मिटवू. कोटावरचा नंबर हे कोटाचं माप नसतं, अंगाचं असतं. छाती ३८ इंच भरणाऱ्या माणसाचा कोट तो ३८ नंबरचा. कोट टेबलावर पसरून मोजलात तर तो चारेक इंच जास्तच भरेल. त्याशिवाय श्वास घेता येणार नाही आणि आत शर्टही मावणार नाही. कित्येकजण घरी जुना कोट मोजतात, ४२ भरला की ४२ नंबर मागतात. तुमचं तसं झालं नसलं, तरी निघालात तिथेच: अंगापेक्षा दोन नंबर मोठा कोट. नंबर वाढतो तशी फक्त छाती दोन इंचांनी वाढत नाही. खांदा साधारण अर्ध्या इंचाने वाढतो, मुंढा, म्हणजे बाही बसते ते भोक, खोल होतो, बाही रुंद होते, खिसे आणि बटणं थोडी सरकतात. हे सगळं मागे आणायचं तर काम अल्टरचं राहतच नाही. तो कोट नव्याने कापणं झालं, आणि तेही कापड आधीच कापलेलं असताना.

आमच्या धंद्यात शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. मी सुटाचं कापड कापतो तेव्हा बगलेखालच्या शिवणीत इंच-सव्वा इंच, पाठीच्या मधल्या शिवणीत तेवढीच, बाहीच्या मोहरीला, म्हणजे मनगटाकडच्या काठाला, दोनेक इंच माया ठेवतो. माणूस दहा वर्षांत काय होणार हे मला ठाऊक असतं. कारखान्यात एका वेळी शेकडो कोटांचं कापड थप्पी लावून कापतात. तिथे प्रत्येक कोटामागे चार बोटं कापड वाचलं तर तागेच्या तागे वाचतात. म्हणून रेडिमेड कोटात माया असते ती कंजुषाची: पाठीत अर्धा-पाऊण इंच, बाजूला त्याहून कमी, खांद्यात आणि मुंढ्यात जेमतेम शिवणीपुरती. कोट मोठा करायचा असेल तर ही माया म्हणजेच तुमची सगळी पुंजी. लहान करायचा असेल तर माया आडवी येत नाही, तिथे दुसऱ्याच गोष्टी आडव्या येतात. खिसे जिथे कापले तिथेच राहणार. काज जिथे पाडलं तिथेच. लॅपेल, म्हणजे कॉलरखाली छातीवर दुमडलेली पट्टी, जिथून मोडते ती रेघ तिथेच. मुंढ्याची खोली तीच. या चार खुंट्या हलत नाहीत आणि त्यांच्यामध्ये आम्ही कापड ओढून बसवत असतो.

आता खांदा. कोट विकत घेताना इतर सगळं चुकलं तरी चालेल, खांदा चुकता कामा नये, हे मी गिऱ्हाइकाला ओरडून सांगतो. घरी बघायची एक सोपी तऱ्हा आहे. कोट घालून भिंतीशी एका कुशीला उभे राहा आणि हळूहळू भिंतीकडे कला. तुमचा दंड आधी टेकला तर खांदा बरोबर. कोटाचा पॅड आधी टेकून चेपला आणि दंड अजून लांबच असेल, तर खांदा मोठा. समोरून आरशात बघितलं तर अशा कोटाला पॅड संपतो त्याच्या खाली दंडावर एक खळगा दिसतो.

खांदा आत घेणं म्हणजे काय होतं ते सांगतो, म्हणजे मजुरी ऐकून डोळे पांढरे होणार नाहीत. आधी अस्तर मुंढ्यापाशी उसवायचं. बाही पूर्ण काढायची. पॅड काढायचा, बाहीच्या डोक्यात बसवलेली पट्टी काढायची. मग मुंढ्याची नवी रेघ खडूने मारून खांद्याच्या टोकाला अर्धा इंच कापड काढायचं, आणि ते खाली छातीपर्यंत आणि पाठीपर्यंत हळूहळू शून्यावर आणायचं. पॅड तेवढाच छाटून परत बसवायचा. त्यानंतर खरी परीक्षा: बाही परत चढवणं. बाहीचा वरचा गोल हा मुंढ्यापेक्षा दीड-दोन इंच जास्त कापलेला असतो. ते जास्तीचं कापड एकही चुणी न पडता वाफेने आणि बोटांनी जिरवायचं असतं, तेव्हा खांद्यावरून बाही गोल पडते. बाही आणि मुंढा यांचा हिशेब मूळ कटरने एकदा जुळवलेला असतो. आपण मुंढा बदलला की तो हिशेब मोडतो, मग बाहीचा गोलही थोडा छाटावा लागतो. चांगल्या कारागिराचा अख्खा दिवस जातो. बाही आखूड करायला तासभर लागतो, त्यावरून मजुरीचा अंदाज बांधा.

हे सगळं करून मिळतं काय? एका बाजूला अर्धा इंच. फार झालं तर त्याच्यावर एक-दोन सूत, म्हणजे इंचाचा आठवा-चौथा भाग. त्यापुढे गेलं की छाती आणि पाठ इतकी अरुंद होते की काखेपुढे कापड ओढलं जातं. चौकडीचं किंवा पट्ट्यांचं कापड असेल तर बाही आणि छाती यांची चौकट जुळलेली असते, ती हमखास तुटते. आणि खांदा लहान असेल तर? काही नाही. खांदा मोठा होत नाही. तिथे माया नसते, आणि असली तरी पॅड, कॅनव्हास म्हणजे छातीच्या आतला ताठ थर, कॉलर सगळं मागे राहतं.

मुंढ्याबद्दल मात्र जरा जास्त बोलतो, कारण तुमच्या फसण्याचं मूळ तिथे आहे आणि दुकानातली पोरं हे सांगत नाहीत. मुंढा म्हणजे बाही जिथे बसते ते भोक. रेडिमेड कोटात तो मुद्दाम खोल ठेवतात, म्हणजे जाड दंडाच्या माणसालाही चालतो आणि बारीक माणसालाही. पण मुंढा जितका खाली, तितका हात बांधला जातो. ऐकायला उलटं वाटतं. लोकलमध्ये हँडल धरून उभ्या असलेल्या कोटवाल्याकडे बघा. मुंढा खोल असेल तर हात वर गेला की बाहीबरोबर बगलेखालचा सगळा भाग वर ओढला जातो, कोट एका बाजूला पोटावर चढतो आणि कॉलर कानाला भिडायला जाते. मुंढा काखेजवळ, वर असेल तर हात हलतो, कोट जागेवर राहतो. म्हणून चांगला शिवलेला कोट घालताना काखेत किंचित अडल्यासारखं वाटतं आणि पाच मिनिटांत ते जाणवेनासं होतं.

तुम्ही दुकानात हात पुढे केलेत, पाठीत ताण आला आणि तुम्ही नंबर वाढवलात. नंबर वाढवला की मुंढा आणखी खोल. ताण कमी वाटला तो पाठीत जादा कापड आलं म्हणून. कोट मुळात हात खाली सोडून उभं राहण्यासाठी कापतात. मोटारसायकल चालवण्यासाठी नाही. ट्रायल रूममध्ये सगळे हात पुढे करून मिठी मारल्यासारखं करतात, आणि कोटाची परीक्षा तिथेच चुकते. हात सोडून उभं राहा, एक बटण लावा, बटणामागे मूठ आरामात जाते का बघा. बटणाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी एक्ससारख्या चुण्या पडल्या तर घट्ट. बसताना बटण काढायचंच असतं, म्हणून बसून ताण बघू नका.

आणि खोल मुंढा वर आणता येतो का? नाही. वर आणायचा तर तिथे कापड लागतं आणि ते कापड कारखान्यातल्या कात्रणाबरोबर केव्हाच गेलं. बगलेत तुकडा जोडून देणारे आहेत. सर्कशीतल्या डगल्याला चालेल, लग्नाच्या नको.

कंबर ही त्यामानाने उदार जागा. मागची मधली शिवण आणि बगलेखालच्या शिवणी आत घेऊन कंबरेत एकूण दोन इंच सहज काढता येतात. अडीचपर्यंत मी जातो. ढगळ कोट आणि अंगावर बसलेला कोट यांत फोटोमध्ये जो फरक दिसतो तो बहुतेक या दोन इंचांचाच असतो, आणि काम अर्ध्या दिवसाचं. म्हणूनच हाव सुटते.

माझी सुटली होती. १९९६च्या लगीनसराईत एक वडील मुलाचा ४४ नंबरचा कोट घेऊन आले. मुलगा ४०चा. मी नवा, हातात काम कमी. चार इंच काढतो म्हणालो आणि काढलेही. हँगरवर कोट झकास दिसत होता. अंगावर चढवला तेव्हा बाजूचे दोन्ही खिसे मागे सरकून जवळजवळ कुल्ल्यांवर आलेले, मागचे दोन्ही कट, म्हणजे पाठीला खाली ठेवलेल्या उभ्या फटी, फाकलेले आणि छातीवर झोळ, कारण कंबर आत गेली होती पण छाती ४४चीच होती. वडील काहीच बोलले नाहीत. आरशात बघत राहिले. ते न बोलणं मला अजून आठवतं. तो कोट मी ठेवून घेतला आणि पदरच्या कापडाचा नवा शिवून दिला, चार रात्री जागून. माझे मास्तर उसवलेल्या शिवणी बघून एवढंच म्हणाले, ‘कापड आत घेतलंस, पण खिसे कुठे जाणार ते विचारलंस का त्यांना?’

छातीतून घ्यायचं तर अजून सांभाळून. बगलेखाली शिवण आत गेली की मुंढ्याचं भोक लहान होतं, मग बाहीही बगलेत उसवून तेवढी आत घ्यावी लागते. एक इंच ठीक, दीड म्हणजे कडेलोट.

बाहीचं उत्तर एका गोष्टीवर आहे: मोहरीवरची काजं खरी आहेत की खोटी. रेडिमेडमध्ये बहुधा खोटी असतात, म्हणजे नुसता दोरा भरलेला, कापड कापलेलं नाही. खोटी असतील तर दोरा उसवायचा, बटणं वर घ्यायची, बाही दुमडायची. तुमची दीड इंच अशीच निघेल. एक धोका आहे, खोट्या काजांच्या सुईची भोकं. लोकरीच्या कापडात वाफ दिली की भोकं मिटतात, पॉलिएस्टर जास्त असलेल्या कापडात ती बारीक ठिपक्यांसारखी राहतात. म्हणून आधी एकाच काजाचा दोरा काढून बघायला सांगा. काजं खरी कापलेली असतील तर खालून हात लावता येत नाही. मग बाही वरून, मुंढ्यातून आखूड करावी लागते, म्हणजे वर खांद्याबद्दल जे रडगाणं गायलं ते सगळं परत. बाही किती ठेवायची? हात सोडल्यावर शर्टाची मोहरी अर्धा इंच दिसली पाहिजे. आपल्याकडे निम्म्या नवरदेवांची बाही अंगठ्याच्या पेरापर्यंत येते आणि मोठ्या भावाचा कोट मागून आणल्यासारखं दिसतं. अंगापेक्षा बोंगा मोठा, ही म्हण बहुतेक असाच कोणीतरी बघून सुचली असावी. बाही लांब करायची असेल तर मोहरी उलटून बघा. आत एक इंच दुमड सापडली तर नशीब. जुन्या घडीची रेघ मात्र जाईलच असं नाही.

उंचीला हात लावायला मी टाळाटाळ करतो. कोटाची उंची आणि खिसे, खालचं बटण, मागचे कट, पुढचा खालचा गोल यांचं एक प्रमाण असतं. अर्धा इंच कमी केला तर कोणाला कळत नाही. पाऊण इंच ठीक. एक इंच म्हणजे शेवट. त्यापुढे खिसा कोटाच्या काठावर लोंबतो आणि पुढचा गोल कापायला जागा उरत नाही, मग कोट बंडीसारखा दिसायला लागतो. बसलेला माणूस ताडकन उठला की कोट कुल्ले झाकतो का, हे बघा. झाकत असेल आणि थोडा जास्त असेल तर राहू द्या. आखूड कोटाची फॅशन आली आणि गेली, कापलेलं कापड काही परत येत नाही. कोट लांब करणं विसराच.

मानेकडे कोणी बघत नाही, कारण आरशात मागचं दिसत नाही. पण स्टेजवर तुमच्या मागे सगळी मंडळी उभी असतात. कॉलरच्या खाली पाठीवर आडवी वळकटी पडत असेल तर खांदे चौकोनी आहेत. कॉलर काढून पाव-अर्धा इंच खाली घेतली की वळकटी जाते, फारसं अवघड नाही. कॉलर मानेपासून सुटून मधे फट दिसत असेल तर कारण शोधावं लागतं. कधी कॉलर लांब असते, ती आखूड करता येते. कधी पोक असतं किंवा खांदे मागे ओढून चालण्याची सवय असते, तेव्हा पाठीचं माप मुळातच कमी-जास्त असतं आणि ते अल्टरने पुरतं जात नाही. आणि जवळजवळ प्रत्येक माणसाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता असतो. उतरत्या बाजूला पॅडखाली पातळ थर दिला की एका बाजूच्या तिरप्या चुण्या गायब होतात. इतकं स्वस्त आणि इतकं परिणाम करणारं काम दुसरं नाही, आणि ते कोणी मागत नाही. उभं राहिल्यावर बाहीला पुढे किंवा मागे चुण्या पडत असतील तर बाही काढून किंचित फिरवून बसवता येते. हेही होतं, पण परत मुंढ्याचं काम.

लॅपेल बारीक करून द्या, असं तरुण मुलं मागतात. करता येतं. करू नका.

कोटाच्या आत काय आहे यावरही बरंच ठरतं. खालच्या बटणाच्या काजाजवळ पुढचं कापड आणि आतलं कापड दोन चिमटींत धरून एकमेकांपासून ओढून बघा. मधे तिसरा थर सुटा हलताना जाणवला तर कॅनव्हास आहे. दोनच थर जाणवले तर फ्युजिंग, म्हणजे गोंद लावलेलं अस्तर साधारण १३० ते १५० अंशांच्या उष्णतेने आणि दाबाने चिकटवलेलं. सेलमधला सूट बहुधा फ्युजिंगचाच असतो आणि त्यात वाईट काही नाही, बसला तर. पण त्याच्या छातीवर, लॅपेलवर, पुढच्या काठावर नवीन काम काढायचं नाही. गरम इस्त्री वारंवार फिरली की गोंद सुटतो आणि कापडावर फुगे येतात, आणि ते फुगे बसत नाहीत. मखमलीच्या, साटनच्या कोटात तर उसवलेली प्रत्येक टीप जन्मभर दिसते. असे कोट अंगावर बसले तरच घ्यावेत.

रेडिमेड कोट उसवायचा तर मी कुठून शिरतो, तेही सांगून टाकतो. एका बाहीच्या अस्तरात, आतल्या बाजूला, वरून मारलेली एक वेगळी टीप दिसेल. कारखान्यात अख्खा कोट शेवटी त्याच भोकातून उलटा-सुलटा करतात आणि मग ते बंद करतात. त्या टीपेतून हात घालून शिवणी आतून बघता येतात, माया मोजता येते, बाहेरून काही कळत नाही. तुमचा टेलर अस्तर खालून टराटरा उसवायला निघाला तर त्याला हे भोक दाखवा. त्याला माहीत नसेल तर तिथेच तुमचं उत्तर मिळालं.

मोठा करण्याची बाजूही असते, म्हणून एक आठवण. मागे एक बाई वडिलांचा जुना सूट घेऊन आल्या. १९८०च्या दशकात कुठल्याशा टेलरने शिवलेला, कापड जाड लोकरीचं, वडील गेलेले, भावाला साखरपुड्यात घालायचा होता. भाऊ अंगाने भरलेला. अस्तर सोडलं आणि बघतच राहिलो. बाजूला सव्वा इंच, पाठीत दीड इंच, बाहीत दोन इंच, आणि त्या मायेवर खडूची बारीक खूण अजून शिल्लक. न भेटलेल्या माणसाने चाळीस वर्षांपूर्वी माझ्यासाठी काहीतरी ठेवून दिलं होतं. पण गंमत अशी की बाहेरचं कापड उन्हाने आणि धुलाईने उतरलेलं आणि आतलं कोरं, गडद. सगळी माया सोडली असती तर पाठीत मधोमध काळा पट्टा आला असता. म्हणून पाठीला हात लावला नाही. बगलेखाली हाताच्या सावलीत लपेल एवढं, पाऊण-पाऊण इंच दोन्हीकडे सोडलं. भावाने पोट आत घेऊन बटण लावलं आणि साखरपुडा पार पडला.

अमेरिकेतून सुट्टीवर येणारी पोरं हल्ली तीन-तीन कोट बॅगेत घालून आणतात, तिकडे उसवायची मजुरी परवडत नाही म्हणून. त्यांना एकच सांगणं: लेबलवर ४० आर लिहिलं असेल तर आर म्हणजे मध्यम उंची, एस आखूड, एल लांब. युरोपातल्या लेबलवर हाच कोट ५० असतो, म्हणजे आपल्या नंबरात दहा मिळवायचे. उंचीने पाच फूट सहा इंचांचे, म्हणजे आपल्यासारखे, आणि आर घेऊन आले की बाही, उंची, खिसे सगळंच खाली. तिथे एस शोधा, अर्धं अल्टर वाचेल.

पँटचं फार बोलत नाही. ४२च्या कोटाबरोबर बहुधा ३६ कंबरेची पँट येते. कंबरेत दोन इंच सहज जातात. त्यापुढे मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला निघतात.

आता तुमचा कोट. दोन नंबरांचा फरक म्हणजे खांद्यात एकूण इंचभर, प्रत्येक बाजूला अर्धा, म्हणजे हद्दीवर. कंबरेत हवेत चार, मिळतील दोन-अडीच. बाही निघेल. उंची पाऊण इंच. मुंढा ४२चाच राहील, छातीवरचा झोळ थोडा राहीलच. ही सगळी कामं केलीत तर मजुरी सेलमध्ये वाचवलेल्या पैशांच्या वर जाईल आणि हाती येईल तो कोट ना धड ३८ ना धड ४२. त्यामुळे पहिलं काम टेलरकडे जाण्याचं नाही. घरात ४२ छातीचा मामा, काका, मेहुणा शोधा. लग्नघरात असा एकतरी माणूस असतोच आणि त्याला अजून कोट घ्यायचा असतो. त्याला हा द्या. तुम्ही ३८ आणि ४० दोन्ही घालून, भिंतीला खांदा लावून, हात सोडून बघा. खांदा बसेल तो घ्या, आणि त्याची बाही आणि कंबर तेवढी करून घ्या. पाच आठवड्यांत शिवूनही मिळेल, पण आजच कापड टाकलंत आणि दोन ट्रायल दिल्यात तर.

मामा सापडलाच नाही आणि हाच घालायचा असेल, तर खांद्याचं काम फक्त स्वतः कोट शिवणाऱ्याकडे द्या, नुसता अल्टर करणाऱ्याकडे नाही. तसा माणूस जवळ नसेल तर खांदा आहे तसा सोडा आणि कंबर दोन इंच, बाही दीड इंच एवढंच करा. क्रम महत्त्वाचा: खांदा करायचा असेल तर तो आधी, मग कंबर, बाही सगळ्यात शेवटी. खांदा अर्धा इंच आत गेला की बाही आपोआप अर्धा इंच वर जाते, आणि बाही आधी कापली असेल तर मनगट उघडं पडतं. माप द्यायला जाताना रिसेप्शनला घालणार तोच शर्ट आणि तेच बूट घालून जा, टी-शर्टवर माप देऊ नका. कच्च्या टाक्यांवर एक ट्रायल मागा, आणि पक्की टीप पडण्याआधी मागून एक फोटो काढून घ्या. काम लग्नाच्या निदान दहा दिवस आधी हातात हवं.

आणि तुमच्या कोटाच्या मागच्या कटावर पांढऱ्या दोऱ्याची एक फुली मारलेली असेल, बाहेरचे खिसेही टाके घालून बंद असतील, बाहीवर कंपनीची पट्टी शिवलेली असेल. ती सगळी घडी मोडू नये म्हणून कारखान्यातून घातलेली असतात. घालण्याआधी कापून टाका. स्टेजवर बाहीला पट्टी लावून उभा असलेला नवरदेव मी दरवर्षी एकतरी बघतो.